ते पोस्टकार्ड टाकायचं राहूनच गेलं (अलीकडे गेलेली मोठी माणसं आणि आपण)

मोगरकळी

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. २० मे २०२५ ला पहाटे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. पुण्यात, राहत्या घरी, झोपेत. ८६ वर्षांचे होते, भरभरून जगले, सगळं खरं. तरी त्या दिवशी ऑफिसात बातमी वाचली आणि मला रडूच आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, मॅडम नात्यातले होते का? नाही म्हटलं, आणि पुढे काय सांगायचं ते सुचेना.

तर तिला जे सांगता आलं नाही ते इथे सांगते.

१९९१ साली मी आठवीत होते, बार्शीला. मे महिन्यात पुण्याला मामाकडे गेलेले असताना मामाने त्यांच्या भाषणाला नेलं. भाषणातलं निम्मं डोक्यावरून गेलं पण संपल्यावर आम्ही पोरं वह्या घेऊन पुढे धावलो सहीसाठी. ते सही देत नसत, आठवत असेल बऱ्याच जणांना. सही हवी असेल तर विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डवर लिहून मला पाठव, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल, असं त्यांचं ठरलेलं होतं. म्हणजे सही फुकट नाही, आधी तू विचार कर. मला ते एवढं आवडलं की मामाच्या मागे लागून दुसऱ्याच दिवशी १५ पैशाचं कार्ड आणवलं.

प्रश्न लिहिला. पत्ता लिहिला त्यांच्या खगोलशास्त्राच्या संस्थेचा, आयुका, पुणे विद्यापीठ परिसर, गणेशखिंड (त्यात खि दीर्घ काढलाय!). आणि शाळा सुरू झाल्यावर हौसेने ते कार्ड सरांना दाखवलं, टाकायच्या आधी. सर म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला असलं काय विचारतेस, त्यांना काय तेवढंच काम आहे. सगळा वर्ग बघत होता. मी कार्ड दप्तरात घातलं ते घातलंच.

सर वाईट नव्हते, त्यांनाही तसंच कुणीतरी गप्प केलं असणार. पण मी त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत वर्गात हात वर केला नाही.

कार्ड अजून आहे माझ्याकडे. कोपरे पिवळे पडलेत, निळी शाई फिकी झालीये, पण वाचता येतं. २०२१ ला नाशिकला (मी आता इथेच असते) ९४ वं साहित्य संमेलन झालं, ते अध्यक्ष होते, तेव्हा मनात आलं होतं की कार्ड हातातच नेऊन द्यावं. पण तब्येतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. तेव्हाही राहिलं.

तुमचंही असं कुणी आहे का? कधी न भेटलेलं किंवा एकदाच बघितलेलं, आणि गेल्यावर घरातलं गेल्यासारखं वाटलं. गेल्या दोनतीन वर्षात किती जण गेले. लिहा ना.

निशाचर

मोगरकळी, वाचून गलबलून आलं. आमच्या भावाने टाकलं होतं कार्ड आणि त्याला उत्तर आलं होतं. दहाबारा ओळी, स्वच्छ मराठीत, खाली सही. आईने ते देवघराच्या भिंतीला टांगलं होतं. भाऊ पुढे बँकेत लागला, विज्ञानाशी संबंध उरला नाही, पण त्याच्या मुलांनी काहीही विचारलं की कामातून उठून उत्तर शोधतो. कितीही दमलेला असो.

आणि हो, तुमचा प्रश्न काय होता ते लिहिलंच नाहीत?

मोगरकळी

सांगते नंतर :) आधी बाकीच्यांचं वाचू दे.

गुळपोळी

नारळीकरांनी आमच्या घरात काय केलं ते सांगते, त्यांना कधीच कळलं नसेल.

माझ्या आत्याचं लग्न मंगळामुळे दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. आत्या आमच्याकडेच राहिली, मला तिनेच वाढवलं. त्यामुळे माझ्या लग्नाची वेळ आली तेव्हा बाबा आधी गुरुजींकडे पळाले, भीतीनेच. साधारण तेव्हाच, २००८ च्या सुमाराला, नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या लोकांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या पत्रिका, त्यातली १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका द्यायच्या आणि कुठलं मूल कुठल्या गटातलं ते पत्रिकेवरून ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर किती आली? ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती.

बाबा हिशेबनीस माणूस, आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या. त्यांना भाषणं देऊन काही पटलं नसतं, पण तो आकडा त्यांना पटला. पेपर आत्यापुढे ठेवला आणि नुसते बसून राहिले. आत्याने वाचलं, चष्मा काढला, आणि माझी पत्रिका देवघरातल्या डब्यातून काढून बाबांच्या हातात दिली. ती परत कुणाला दाखवली नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी कुणाला मूर्ख म्हटलं नाही. या, आपण मोजून बघू, एवढंच म्हटलं, आणि नियम आधी ठरवून मग मोजलं.

शाळामास्तर

गुळपोळी ताई, तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा.

मी नारळीकरांच्या पत्नी मंगलाबाईंबद्दल लिहितो, कारण साहेबांबद्दल सगळे लिहितील. डॉ. मंगला नारळीकर १७ जुलै २०२३ ला गेल्या, साहेबांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. मुंबई विद्यापीठात एम.ए. गणितात पहिल्या आलेल्या बाई. लग्न, केंब्रिज, तीन मुली, सासूसासरे, घर, आणि पीएच.डी. झाली लग्नानंतर जवळजवळ सोळा वर्षांनी, तीही संख्याशास्त्रातली नव्हे (लोक घोळ घालतात), संख्या सिद्धांतातली, म्हणजे मूळ संख्या वगैरे, गणितातलं अवघड प्रकरण.

आणि एवढं शिकलेल्या बाईंनी काम कुठलं अंगावर घेतलं तर बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या गणिताचं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने वीस एक, त्रेसष्टच्या जोडीने साठ तीन असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर टिंगल, व्हॉट्सॅपवर टिंगल. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीलाच होतो. पोरं त्रेसष्ट ऐकलं की ३६ लिहितात हे मी वीस वर्षं बघतोय, कारण ऐकताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. पोराचा कान बरोबर असतो, हात कानाचं ऐकतो आणि उत्तर चुकतं, आणि आपण त्याला ढ म्हणतो. साठ तीन म्हटलं की जसं ऐकलं तसं लिहिलं. माझ्या वर्गात एक पोरगी होती, ऊसतोड कामगाराची, मध्येच तीन महिने गायब व्हायची. फळ्याजवळ उभी राहून साठ, तीन असं पुटपुटत तिने ६३ लिहिलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

बाई त्या गदारोळात न चिडता मुलाखतींत समजावून सांगत राहिल्या. वय ७५ च्या पुढे आणि त्याआधी कॅन्सर भोगलेला. मला तर पत्र लिहायचं होतं त्यांना, त्या पोरीबद्दल. माझंही राहिलं.

सह्याद्रीवारा

मास्तर, आदर आहे पण मला तो बदल तेव्हाही पटला नव्हता आणि आजही नाही. बावन्न, त्रेपन्न, अठ्ठेचाळीस या शब्दांना नाद आहे, पाढ्यांची सगळी चाल त्यावर आहे. बे एके बे ते तीस दाहे तीनशे, तो सूर बाजूला ठेवला तर पोराला नुसता हिशेब येईल, भाषा नाही.

शाळामास्तर

सह्याद्रीवारा, मुद्दा समजतो आणि पाढे मीही चालीतच घेतो. पण पुस्तकात दोन्ही दिलं होतं, जुने शब्द काढले नव्हते. नव्याने शिकणाऱ्याला आधी हाताला धरायला कठडा, मग चाल. माझं मत अनुभवाचं आहे, तुमच्यावर लादत नाही.

शिवाजीपार्ककर

वेगळ्या माणसाबद्दल लिहू का? पद्माकर शिवलकर, आमचे पॅडी सर, ३ मार्च २०२५ ला गेले. ८४ वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डावखुरे स्पिनर, प्रथम श्रेणीत १२४ सामन्यात ५८९ विकेट. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावात ८, दुसऱ्यात १८ धावात ५. आणि भारताकडून कसोटी? एकही नाही. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्माला आले, दुसरं कारण नाही. तिकडे हरियाणाचे राजिंदर गोयल, तसेच डावरे, तसेच बाहेर राहिले. २०१७ ला बोर्डाने दोघांना एकत्रच सी. के. नायडू पुरस्कार दिला.

माझे वडील गिरणीत होते, संपानंतर नोकरी गेली. घरात सगळे गप्प. वडील मला संध्याकाळी पार्कात न्यायचे आणि नेटच्या मागे उभं करायचे. सर तिथे मुलांना शिकवत असायचे. वडील फक्त एवढंच म्हणायचे, हात बघ. धाव छोटी, अंगाला झटका नाही, आणि चेंडू सुटताना मनगट असं फिरायचं की जसं कुणी दाराची कडी हलकेच लावतंय. शंभर चेंडू टाकले तर शंभर तसेच. मला खूप नंतर कळलं की वडील मला क्रिकेट दाखवत नव्हते. ज्याचं हक्काचं मिळालं नाही तो माणूस रोज पाच वाजता येऊन काम कसं करतो ते दाखवत होते. सर ४७ वर्षांचे असताना मुंबईकडून परत खेळले होते, रिटायर झालेले असताना बोलावलं म्हणून गेले.

बातमी आली तेव्हा वडील नव्हते सांगायला. मी पार्कात जाऊन त्याच जाळीमागे दहा मिनिटं उभा राहिलो.

निशाचर

शिवाजीपार्ककर, काय लिहिलंत. दाराची कडी.

रियाज

मोगरकळी, धाग्याबद्दल धन्यवाद. माझ्या प्रभाताई. डॉ. प्रभा अत्रे, १३ जानेवारी २०२४, पुण्यात गेल्या, ९१ व्या वर्षी, आणि मुंबईला गाण्याचा कार्यक्रम ठरलेला होता! म्हणजे शेवटपर्यंत तंबोरा खाली ठेवलेला नाही.

त्यांच्या गाण्याबद्दल मी काय बोलणार, मारूबिहागातलं जागू मैं सारी रैना ऐकून आमची अख्खी पिढी जागी राहिली. पण मला धरून ठेवलं ते त्यांच्या सुरुवातीच्या गोष्टीने. आईची तब्येत बरी नसायची म्हणून कुणीतरी सुचवलं की गाणं शिका, बरं वाटेल. आईंनी चार धडे घेतले आणि सोडलं, आठ वर्षांची मुलगी मात्र शिकत राहिली. नंतर सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, किराणा घराण्याची तालीम. मध्ये विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, आकाशवाणीची नोकरी, एसएनडीटीत संगीत विभागाचं प्रमुखपद, आणि सरगमवर पीएच.डी.

आमच्याकडे उलटं झालं. मुलीला क्लास लावला होता, तिने सहा महिन्यात सोडला, फी भरलेली होती म्हणून मी जाऊन बसले. ४४ व्या वर्षी. पहिल्या दिवशी सा लावताना घसा सुकला, वर्गात सगळी दहाबारा वर्षांची मुलं. प्रभाताईंची ती गोष्ट माहीत नसती तर दुसऱ्या दिवशी गेले नसते. आता आठ वर्षं झाली. मैफलीबिफली काही करत नाही, पहाटे अर्धा तास बसते. त्या गेल्या त्या दिवशी सकाळी नेमका मारूबिहाग डोक्यात होता, त्या रागाची वेळ रात्रीची असून, आणि दुपारी बातमी आली.

औंढेकर

मी हिंगोली जिल्ह्यातला, औंढा नागनाथ. आमच्याकडं लोक ज्योतिर्लिंगाला येतात, अजून कशाला येणार. आता मात्र सांगायला दुसरं पण आहे, लायगो इंडिया आमच्याच तालुक्यात होणार आहे, गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले.

याचा नारळीकर सरांशी संबंध काय ते पोरांना सांगतो मी (अभ्यासिका चालवतो गावात). सरांनी १९८८ ला आयुका उभी केली. चांगलं मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते, ते सोडून पुण्यात माळरानावर संस्था उभी करायला आले. का, तर देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या प्राध्यापकाला, पोराला खगोलशास्त्रात काम करता यावं, त्याच्या गावात दुर्बीण नसली तरी. तिथं संजीव धुरंधर सर अगदी सुरुवातीपासून गुरुत्वीय लहरींच्या गणितावर बसले होते, तेव्हा जगात कुणाला खात्री नव्हती की ह्या लहरी कधी सापडतील. सापडल्या २०१५ ला. सत्तावीस वर्षं धीर धरणारी जागा पाहिजे ना बसायला, ती जागा सरांनी केली बघा. त्यातून आज आमच्या दुधाळ्याच्या शिवारात काम.

मी सरांना एकदाच लांबून बघितलं, २८ फेब्रुवारीला आयुकात सगळ्यांना सोडतात तेव्हा. पोरं घेऊन एसटीने रात्रभर गेलो होतो. मधल्या चौकात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आपले आर्यभट असे पुतळे आहेत, आणि तो फुकोचा लंबक. एक पोरगं त्या लंबकापाशी जे बसलं ते उठेना. पृथ्वी फिरतेय ते दिसतंय का बघतो म्हणलं. दोन तास बसलं. जेवायला पण आलं नाही. तेच पोरगं आता फिजिक्सला एमएस्सी करतंय नांदेडला.

शंकेखोर

सगळं वाचतोय आणि भारावलोय. पण एक विचारू का, दुखावायचा हेतू नाही. नारळीकर ज्या सिद्धांतासाठी ओळखले जातात तो स्थिर स्थिती विश्वाचा, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं सांगणारा, तो तर मागे पडला ना? १९६५ ला सगळीकडून येणारं ते सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बिग बँगची, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या मताची, बाजू भक्कम झाली. तरी ते शेवटपर्यंत बिग बँग मानत नव्हते. मग आपण नेमकं कशाचं मोठेपण सांगतोय?

खगोलवेडी

शंकेखोर, प्रश्न योग्य आहे आणि सर असते तर त्यांना आवडला असता असं मला वाटतं.

हो, बहुतेक खगोलशास्त्रज्ञ आज बिग बँग मानतात आणि पुरावे त्या बाजूला जास्त आहेत. सरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ चा, तेव्हा सर २५-२६ वर्षांचे, त्यावर भारतात एवढी चर्चा झाली की १९६५ ला पद्मभूषण. नंतर १९९३ ला हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीचाच विचार दुरुस्त करून पुन्हा मांडला. तो बहुतेकांनी स्वीकारला नाही. मीही मानत नाही, मी ह्याच क्षेत्रात शिकलेय.

पण बघा, ज्या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते त्याच संस्थेत तरुण सौरदीप यांच्यासारखे लोक त्याच प्रारणावर, म्हणजे सरांच्या मताविरुद्धचा जो सगळ्यात मोठा पुरावा आहे त्यावर, काम करत मोठे झाले. आपल्याकडे साहेबांचं मत काय आहे ते बघून प्रबंधाचा विषय ठरवतात. मी स्वतः दुसऱ्या एका ठिकाणी गाईडच्या मताविरुद्ध आलेला ग्राफ दाखवला तर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं गेलं होतं. म्हणून मला हे मोठेपण फार मोठं वाटतं. अल्पमतात राहून आयुष्यभर सभ्यपणे वाद घालायचा आणि समोरच्याला आपल्याच घरात खोली द्यायची.

अजून एक. हैदराबादहून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत फुगे पाठवून तिथल्या हवेत जीवजंतू आहेत का ते तपासणारा प्रयोग, त्यामागेही सर होते. त्यातून तीन नवे जीवाणू मिळाले, एकाला हॉइलचं नाव दिलं, एकाला आर्यभटाचं, एकाला इस्रोचं. ते अंतराळातून आले का? तसं सिद्ध झालेलं नाही आणि तसा ठाम दावाही केला गेला नाही. हे न केलेले दावे मला फार महत्त्वाचे वाटतात.

शंकेखोर

मनापासून आभार. समजलं. खोली द्यायची, हे लक्षात राहील.

कथावाचक

त्यांच्या कथांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कृष्णविवर ही कथा पाठवली ती टोपणनावाने, नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी करून बघा, ज वि ना चं ना वि ज. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंच्या अक्षरात लिहून पाठवली. पहिलं बक्षीस. तोवर पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, नुसतं नाव टाकलं असतं तरी छापली असती कुणीही. पण नावाला नको, गोष्टीला बक्षीस द्या.

मी पाठवायला घाबरायचो. कॉलेजात असताना हा किस्सा वाचला आणि मीही टोपणनावाने एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. परत आली :( पण दुसरी छापली गेली. इथल्या माझ्या आयडीला तोच मुहूर्त आहे.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात झाकीरभाईंची (तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन) बातमी डिसेंबर २०२४ ला आली तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोला गेले, इथून तासाभरावर. माहीमचा मुलगा. माझा मुलगा इथे तबला शिकतो, मराठी धड बोलत नाही, पण बोल सगळे तोंडपाठ, धा तिरकिट म्हणताना त्याचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. एवढंच लिहायचं होतं.

निशाचर

धागा वर काढतेय. काल बाळ कर्वे गेले. दूरदर्शनवरचे गुंड्याभाऊ. आजोबांच्या घरी पहिला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला तेव्हा शेजारची वीस माणसं खोलीत बसून चिमणराव बघायची, मला आजोबांचं हसणं आठवतं ते गुंड्याभाऊंमुळेच. ऑगस्टचा महिना वाईट गेला.

आणि मोगरकळी, तुम्ही प्रश्न अजून सांगितला नाहीत. आम्ही विसरलेलो नाही.

मोगरकळी

हो हो. कार्ड समोर ठेवूनच लिहिते, आहे तसं.

“आदरणीय सर, सा. न. चंद्राला खळे का पडते? आणि ते दर वेळी तेवढेच मोठे का असते? माझी आजी म्हणते खळे पडले की पाऊस येतो, ते खरे आहे का?”

आता वाचताना वाटतं, काय वाईट होता हो प्रश्न?

शाळामास्तर

ताई, वाईट? तेवढंच मोठं का असतं, हे तर फार नेमकं निरीक्षण आहे. आठवीत मला ते कधी दिसलं नाही. सरांच्या जागी उत्तर द्यायची आपली पायरी नाही पण चौतीस वर्षं झाली, कुणीतरी दिलंच पाहिजे. चुकलं तर खगोलवेडी सांगतील.

फार उंचावर पातळ ढग असतात, दुधाच्या सायीसारखे, त्यात पाणी नसतं, बर्फाचे बारीक स्फटिक असतात. आकार कसा, तर न टोकलेल्या सहा पैलूंच्या पेन्सिलीचा तुकडा डोळ्यापुढे आणा. चांदणं एका बाजूने आत शिरतं, एक बाजू सोडून तिसऱ्या बाजूने बाहेर पडतं, आणि त्यात वळतं. किती वळतं? कमीत कमी २२ अंश. त्याहून कमी वळताच येत नाही. म्हणून चंद्रापासून २२ अंशांवर प्रकाशाची गर्दी होते आणि गोल कडं दिसतं, आणि कड्याच्या आतलं आकाश जरा काळपट दिसतं. बर्फाच्या स्फटिकाचे कोन बार्शीतही तेच आणि बोस्टनमध्येही तेच, म्हणून खळं नेहमी तेवढंच.

आजी बऱ्याच अंशी बरोबर. असे पातळ ढग पुष्कळदा पावसाळी हवेच्या पुढे येतात, पण दर वेळी मागून पाऊस येतोच असं नाही.

मोजायचं असेल तर हात पूर्ण लांब करा आणि वीत ताणा. अंगठ्याचं टोक ते करंगळीचं टोक साधारण २०-२२ अंश भरतं. अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी खळ्यावर येते.

खगोलवेडी

मास्तर, काही चुकलेलं नाही. फक्त एक भर, कड्याची आतली बाजू नीट बघितली तर किंचित तांबूस दिसते.

मोगरकळी

मास्तर, मी हे प्रिंट काढून कार्डाबरोबर ठेवलंय. काय बोलू. धन्यवाद हा शब्द पुरत नाही.

मोगरकळी

अडीच महिन्यांनी येतेय धाग्यावर, पण सांगायलाच हवं. पाऊस संपायची वाट बघत होते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस, रात्री साडेनऊला कपडे काढायला गच्चीत गेले आणि वर बघते तर खळं. पूर्ण, अखंड. लेकीला हाक मारली (चौथीत आहे), ती अभ्यास टाकून धावत आली. मी हात लांब केला, वीत ताणली, अंगठा चंद्रावर ठेवला. करंगळी बरोबर कड्यावर. तिलाही करायला लावलं. मला वाटलं तिची वीत माझ्यापेक्षा तीन बोटं लहान, तिची काही पोचणार नाही. तर तिचीही बरोबर कड्यावर! परत परत केलं दोघींनी. मग लक्षात आलं की तिचा हातही तेवढाच आखूड आहे ना.

खाली आल्यावर तिने मला विचारलं की चंद्राला पडतं तर सूर्याला पण पडत असेल का, आणि पडत असेल तर मग आपल्याला दिसत का नाही. मला नक्की सांगता येईना. तिला म्हटलं कागदावर लिही. तिने लिहिलंय, खाली नाव, इयत्ता, तुकडी सगळं. मास्तर, आहात का?